मार्थाबाईंची साक्ष

माझी आई बिड्या वळायची आणि बाबा लाखनीच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचे. तलावाखाली आमचा धानाचा एक तुकडा होता, त्यातलं पीक होळीपर्यंत कसंबसं पुरायचं. बाकीचं घर आईच्या बोटांवर चाललेलं. ती बोटं थांबली तेव्हा आमचं काय झालं, ते आधी सांगते.

मी तेव्हा आठवीत होते. एका सकाळी आईनं सूप मांडीवर घेतलं, तेंदूचं ओलं पान हातात धरलं आणि तशीच बसून राहिली. पान वाळलं, तडकलं, तरी हातातच. पुढं ती सपरीत, म्हणजे दारापुढच्या पडवीत, येऊन बसायचीच बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. विचारलं तर म्हणायची, "मले काई नाही झालं वं. मीच नाही राहिली."

लोकांना कारण पाहिजे असतं. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे बाहेरचं आहे. खरं सांगायचं तर कारण काहीच नव्हतं. घरात मरण झालं नव्हतं, भांडण झालं नव्हतं, बाबा दारू पीत नव्हते. त्यांनी झाडफूक करणाऱ्याला आणलं. त्यानं निंबाच्या पाल्याचा धूर केला आणि जाताना कोंबडं घेऊन गेला. आईला धुरानं ठसका लागला, एवढाच परिणाम. मी शाळा सोडली आणि तिचं सूप मांडीवर घेतलं. माझ्या बिड्या ढिल्या व्हायच्या. कारखान्याचा मुनीम त्यातल्या अर्ध्या छाट म्हणून काढायचा आणि माझ्यासमोरच मोडून टाकायचा.

एकदा भर दुपारी आई घरात दिसेना. शोधत गेले तर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाण्याकडे पाहत बसलेली. मी हाताला धरून घरी आणली. बाबांना सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांनी मिलवर जाणं जवळजवळ सोडलं. तिच्यावर लक्ष ठेवायचं म्हणून दोघं घरात, आणि चुलीवर नुसती पेज.

अशा दिवसांत मार्थाबाई आमच्या गावच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून आल्या.

आणीबाणी नुकतीच उठली होती. सरकारी नर्स म्हणजे नसबंदीवाली, असं गावाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाई एका गल्लीतून शिरल्या की पुरुष दुसऱ्या गल्लीतून शेताकडे निघायचे. त्यात या ख्रिस्ती, आणि नगरकडच्या. त्यांच्या बोलण्यात "बरं का" फार यायचं. उंच, हाडापेरानं मोठ्या, चालताना जरा पुढं वाकलेल्या, समोरून वारा येत असावा तशा. पांढरं पातळ, काळी छत्री, कपाळ मोकळं. लग्न झालेलं नव्हतं. बायकांनी का म्हणून विचारलं तर "जमलं नाही" एवढंच उत्तर. बिनसाखरेचा काळा चहा प्यायच्या, त्यावरूनही गावात चर्चा झाली. साखर परवडत नाही अशी नर्स आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिली, असं बायकांनी ठरवून टाकलं.

आणि त्या चालताना बोलायच्या. धानाच्या बांधावरून एकट्या जाताना मोठ्यानं, हातवारे करून, कधी रागानं. पोरं घाबरायची. शेवटी डोमाजी नावाच्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना बांधावरच गाठलं.

"बाई, कोनासंग बोलून राहिल्या जी?"

"बापाशी."

"बाप तं तुमचा वारला म्हनत होत्या."

"तो वारला. हा वरचा."

डोमाजीनं आभाळाकडे पाहून घेतलं. "मंग ऐकते का तो?"

"ऐकतो. उत्तर द्यायची घाई नसते त्याला. तुमच्या सरपंचासारखं."

डोमाजीनं हे गावभर सांगितलं. सरपंच सोडून सगळे हसले, आणि त्यानंतर पुरुषांनी गल्ली बदलणं कमी केलं.

आमच्या गल्लीत त्या आल्या शेजारच्या लेकराला लस टोचायला. आमच्या दारातून त्यांना भिंतीकडे तोंड केलेली आई दिसली. काय आजार आहे, कधीपासून आहे, असं काही विचारलं नाही. छत्री दाराशी ठेवली, आत येऊन जमिनीवर बसल्या आणि आईच्या पाठीला म्हणाल्या, "सकाळी फार वाईट असतं ना? दिवस कलला की थोडं हलकं वाटतं?"

आईनं तोंड फिरवलं. कित्येक दिवसांत तिनं कोणासाठी तोंड फिरवलं नव्हतं.

"तुमाले कोनं सांगितलं?"

"मला होतं तसं."

"तुमाले? तुमी तं नर्स आहा."

"म्हणून काय झालं, सगुणाबाई."

त्या दिवसापासून त्या येत राहिल्या. उपदेश नाही. उठा, लेकराकडे पाहा, मन घट्ट करा, हे जे सगळं गाव सांगत होतं ते त्यांनी एकदाही म्हटलं नाही. त्यांची एक पद्धत होती, स्वतःपुरती शोधलेली. वाईट दिवसात आख्ख्या दिवसाकडे बघायचं नाही. पुढचं एकच काम घ्यायचं आणि त्याचं नाव तोंडानं म्हणायचं. "आता लुगडं." मग लुगडं नेसायचं. "आता चूल." एवढं झालं की पुरे. आईला ते आधी येडपटासारखं वाटलं. मग एका दुपारी मी आतून ऐकलं, सपरीत आई पुटपुटत होती, "आता पान. आता कैची." बिडी काही झाली नाही, पण पान कापलं गेलं.

मार्थाबाईंनी शेजारी बसून स्वतःही बिडी वळून पाहिली. आईनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "बाई, हे बिडी आहे का चुलीतलं लाकूड?" कितीतरी महिन्यांनी ती थट्टा करत होती. बाबा दारात उभे होते. ते तसेच मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गावाला अर्थात दुसरंच दिसत होतं. आमच्या गल्लीत कौतिकाबाई होती, आईसोबत बिड्या वळणारी. तिची जीभ कैचीपेक्षा धारदार. ती मला म्हणाली, "पोट्टे, तुह्या मायले ते किरिस्ताव करून टाकन, पाहजो." बाबांच्याही कानावर गेलं. ते साधे माणूस, सरळ उपकेंद्रावर गेले. मी सोबत होते.

"बाई, खरं सांगा जी. सगुणाले बाटवून तं नाही राहिल्या?"

मार्थाबाई सुया उकळत होत्या. त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "महादेवराव, वाईट दिवसांत मला स्वतःलाच ख्रिस्ती ठेवताना मुश्कील होतं, बरं का. दुसऱ्याला कुठं करत बसू?"

बाबांना ते पूर्ण कळलं असं नाही. पण माणूस खोटं बोलत नाही एवढं कळलं.

देवाबद्दल विचारलं ते आईनं. "तुमचा देव बरं करते म्हनतात. खरं आहे का?"

"करतो म्हणतात. मला अजून नाही केलं."

"मंग कायले धरून राहिल्या त्याले?"

"त्यालाही असं झालं होतं. शिपाई त्याला धरायला यायच्या आधी, एका बागेत. जीव इतका कासावीस झाला की जमिनीवर पालथा पडला. मित्रांना म्हणाला, माझ्याजवळ जागे राहा."

"देवाले असं झालं?"

"हो."

"मंग? राहिले का जागे?"

"झोपले."

आई उठून बसली. "झोपलेच? असे कसे वं मित्र." पुढं किती तरी दिवस तिला त्या झोपलेल्या माणसांचा राग होता. भाकरी थापता थापता मध्येच म्हणायची, "जेवले असतीन पोटभर, दुसरं काय."

बाईंकडे काळ्या कातडी वेष्टनाचं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. संध्याकाळी उपकेंद्राला लागूनच असलेल्या क्वार्टरच्या दारात बसून त्या त्यातलं एक स्तोत्र वाचायच्या, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती तक्रार आहे. देवा, तू कुठं आहेस, माझी माणसं दूर केलीस, असं सगळं, आणि शेवट अंधारातच. आईनं एकदा ते ऐकलं आणि चपापली. "देवाले असं बोललेलं चालते?"

"चालतं. छापलंय ना."

पण प्रार्थनेवर भागवायच्या नाहीत. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर होते, त्यांच्याकडून त्या स्वतःसाठी गोळ्या आणायच्या. हे त्यांनी बाबांना सांगितलं तेव्हा बाबा घाबरले. आमच्याकडे नागपूरचं नाव या संदर्भात घेतलं की लोक एकच शब्द उच्चारतात, पागलखाना. बाई म्हणाल्या, "मी जाते. मी पागल दिसते का?" बाबा म्हणाले, "तसं नाही जी," आणि एवढं म्हणून गेल्यावर त्यांना यावंच लागलं. लाखनीहून लाल एसटीत बसून तिघं गेले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी आईचं तोंड कोरडं पडायचं, दिवसा झोप यायची, आणि बरेच दिवस फरक काहीच नाही. बाबा रोज विचारायचे, "आता कसं वाटते?" शेवटी मार्थाबाईंनीच त्यांना विचारायला बंदी केली. मग हळूहळू, पावसाळा सरता सरता, आईची बोटं चालायला लागली. मी परत शाळेत गेले. वर्गातल्या पोरींपेक्षा मोठी दिसायचे, पण गेले.

आता जे सांगायचं ते हंगामाच्या सणाचं.

साकोलीत ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं होती. त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. वनखात्यात कारकून असलेल्या दाविदरावांच्या घरी रविवारी उपासना व्हायची. दाविदराव गोड गळ्याचे, मायाळू गृहस्थ, कोणाच्याही घरी आजारपण असलं की सगळ्यांत आधी हजर. त्यांच्यात एक रीत होती, साक्ष द्यायची. उपासनेत ज्याला वाटेल तो उभा राहायचा आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचा. आणि धान घरात आलं की हंगामाचा सण. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं आणून समोरच्या मेजावर ठेवायचं. धानाच्या लोंब्या, कोहळं, गूळ, कोंबडीची अंडी. प्रत्येकानं ठेवताना साक्ष द्यायची. शेवटी वस्तूंचा लिलाव होऊन ते पैसे गरिबांच्या कामी.

त्या वर्षी मार्थाबाई बऱ्या होत्या. चेहरा भरला होता, कामावर जाताना गाणं म्हणायच्या. त्यांनी आईला आणि मला सणाला बोलावलं होतं, जेवणासकट. आई म्हणाली, "त्यायच्या देवानं जेवाले बोलावलं, नाही कसं म्हनू."

आम्ही मागं बसलो होतो. मार्थाबाईंची पाळी आली. त्यांच्याजवळ शेत नव्हतं. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची तपकिरी बाटली काढली आणि कोहळ्याशेजारी ठेवली. दाविदरावांनीच सुचवलं होतं हे नंतर कळलं. देवानं तुम्हाला बरं केलं, ते हेच तुमचं पीक, आणि बरं केल्यावर औषध जवळ ठेवणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. मनापासून म्हणाले होते. मार्थाबाई साक्ष देताना रडल्या, सगळेच रडले, टाळ्या वाजल्या, गाणं झालं.

परतताना गाडीत आई गप्प होती. लाखनीचा फाटा गेल्यावर म्हणाली, "बाई, मीबी देऊन देऊ का माह्या गोळ्या?"

"नाही, तुम्ही नका."

"काहून? मले कोनी मागतल्या नाही म्हनून का? मी तुमच्यातली नाही म्हनून?"

मार्थाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

थंडी पडता पडता डोमाजी आमच्या दारात आला. "महादेव, नर्सबाईचं त्यायच्या बापासंग भांडन झालं का? दोन-चार दिवस झाले, बांधावरून मुक्यानं जाऊन राहिल्या."

आईनं हातातलं सूप तसंच खाली ठेवलं आणि चालू लागली. मी मागं. क्वार्टरचं दार लोटलेलं, बाई आत भिंतीकडे तोंड करून. अंगावर तेच पातळ, दवाखान्याचं कपाट उघडं, सुया न उकळलेल्या. आईनं हाक मारली. बाई बोलल्या, आवाज विहिरीतून यावा तसा. "मी त्याला ती बाटली दिली, सगुणाबाई. त्यानं ठेवून घेतली आणि मला टाकून दिलं."

आई त्यांच्या उशाशी बसली. "त्यानं कुठं मागतली, बाई? दाविदरावानं मागतली."

बाईंनी आईचा हात धरला आणि सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं आपलं सूप उचललं आणि उपकेंद्राच्या सपरीत जाऊन बिड्या वळायला बसली. आमच्याकडे बाया कधी एकट्या बसून बिड्या वळत नाहीत. एकीचं सूप जिथं, तिथं सगळ्यांची सुपं येतात. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या तिकडे. कौतिकाबाईसुद्धा आली, पाय पसरून बसत म्हणाली, "किरिस्ताव झालो तं होऊ बापा. सावली बरी आहे इथं." दिवसभर बाईंच्या दारात कैच्यांचा आवाज, सासवांच्या चुगल्या, तंबाखूचा वास. कोणी आत जाऊन काही समजावलं नाही. फक्त दार लागू दिलं नाही. पाणी मागायचं निमित्त करून एक एक जण आत डोकावून यायची. कौतिकाबाईला त्या दिवसांत इतकी तहान लागली की मीच चकित झाले. संध्याकाळी सुपं उठली की आई मात्र राहायची. आमचा स्वयंपाक मी करायचे.

तरी बाई खाली खालीच जात होत्या. प्रार्थना बंद, शास्त्र मिटलेलं. एकदा आईनं मला ते वाचायला लावलं, तेच तक्रारीचं स्तोत्र. मी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. बाई म्हणाल्या, "त्यालाही ऐकू जात नाही, बरं का." आई म्हणाली, "न जाऊ दे. आमाले जाते."

दाविदराव बातमी कळल्यावर धावत आले. हातात शास्त्र, डोळ्यांत पाणी. सपरीत सुपांची रांग बघून थबकले. आई दारात उभी राहिली. माझी आई, जी पाळीवर पाण्याकडे पाहत बसली होती, ती वनखात्याच्या कारकुनासमोर दार अडवून उभी राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"प्रार्थना करा जी, जरूर करा. मंग बाईले नागपूरले घेऊन चला."

"बाई, विश्वास..." दाविदराव बोलू लागले.

"विश्वास तुमचा आहे ना? मंग तुमी ठेवा. बाईची ताकद नाही आता. तुमी त्यायच्या वाट्याचा ठेवा, अन् बाईले गाडीत बसवा."

दाविदराव उंबऱ्यावरच बसले. मग आत जाऊन, गुडघे टेकून, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात त्यांनी मार्थाबाईंची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते, बाबा आणि आई बाईंना नागपूरला घेऊन गेले. गाडीत बाईंना बसवत नव्हतं, तर दाविदराव भंडाऱ्यापर्यंत उभे राहिले आणि आपली जागा त्यांना आडवं व्हायला दिली.

त्यांना सावरायला पुढचा उन्हाळा उजाडला. या खेपेला आधीसारख्या पूर्ण बऱ्या झाल्याच नाहीत. हात थरथरायचा, लस टोचताना डावा हात उजव्याला आधार द्यायचा. कधी मधल्या वाटेवर थांबून राहायच्या आणि पुढचं काम काय ते तोंडानं म्हणायच्या.

पुढच्या हंगामाच्या सणाला आम्ही परत गेलो. या वेळी कौतिकाबाईही होती. मार्थाबाई मेजापाशी रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या.

"मी बरी झालेली नाही. औषध घेते, पुढंही घेईन. वाईट दिवसांत मी प्रार्थना केली नाही, करता आलीच नाही. देव जवळ आहे असं एकदाही वाटलं नाही. माझ्या दारात बिड्या वळणाऱ्या बाया येऊन बसल्या होत्या. मला वाटतं त्यानं पाठवल्या. त्यांना तसं वाटत नाही."

कौतिकाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "सावली होती वं तिथं."

टाळ्या नाहीत, गाणं नाही. लोक खाली पाहत होते. मार्थाबाई जागेवर येऊन बसल्या, मग दाविदरावांचा आवाज आला, "आमेन." जेवणाच्या पंगतीत एका शिक्षकाची तरुण बायको बाईंच्या शेजारी जागा करून बसली आणि पत्रावळीकडे पाहतच विचारलं, नागपूरच्या त्या डॉक्टरकडे जायला साकोलीहून कोणती गाडी बरी.

पुढं त्यांची बदली सिहोऱ्याला झाली. मी बी.ए. झाले तो निकाल आणि पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. आमच्या घराण्यात, बापाच्या बाजूनं नाही आणि आईच्याही बाजूनं नाही, कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. नेमका तो त्यांचा वाईट दिवस होता. दार अर्धंच उघडलं. "आज बोलता येणार नाही, बरं का. पण बस." मी बसले. त्या खाटेवर पडून राहिल्या. बाहेर कोणी तरी धान कांडत होतं. बऱ्याच वेळानं उठल्या, चहा केला, माझ्यासाठी त्यात साखर घातली आणि विचारलं, "कोणत्या विषयात?" मी सांगितलं. "छान," म्हणाल्या, आणि पेढ्याचा तुकडा तोंडात ठेवून डोळे मिटले. मला गाडीपर्यंत सोडायला आल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या, एक हात चौकटीवर टेकवून, मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. तीच त्यांची माझी शेवटची भेट.

त्यांनी नोकरीची सगळी वर्षं पुरी केली, नगरला भावाच्या घरी गेल्या आणि म्हातारपणानं, झोपेत, वारल्या. माझी आई आहे. तिची गोळी चालू आहे. दोघींपैकी एकीलाही त्या आजाराला नेता आलं नाही.